विष्णू मोठा की वस्ताद

ऊसतोडीला गेलेली माणसं परतली की सिरसाळ्याकडच्या गावांचा आवाज बदलतो. दिवाळीनंतर लागलेली कुलपं निघतात, ट्रॉल्या रिकाम्या होऊन वेल्डिंगच्या दुकानांपुढं उभ्या राहतात, काठीनं झोडपलेल्या चिंचा पत्र्यावर पडत राहतात. मग जत्रांच्या तारखा लागतात. यंदाही हे सगळं ठरल्याप्रमाणे झालं. गेल्या आठवड्यात दुपारच्या उन्हात रस्त्यानं जाताना एका वळणावर हलगी ऐकू आली. कुणीतरी पाचटाच्या जाळावर तिचं कातडं तापवून ताण पाहत होतं. दोन-चार टिपऱ्या पडल्या आणि थांबल्या. पुढं काही वाजलं नाही. मागच्या वर्षीचा चैत्र आठवायला तेवढं पुरेसं होतं.

मागच्या चैत्रात या पट्ट्यात एकच प्रश्न होता. विष्णू मोठा की इमाम वस्ताद?

विष्णू युसूफ वडगावच्या अलीकडच्या एका वस्तीवरचा. तिशीच्या आतला, दारातून आत येताना आधी खांदा वळवून घ्यावा लागणारा. जत्रेच्या फडात वजनकाटा नसतो. पंच डोळ्यानं माप घेतात आणि जोड लावतात. विष्णूचं माप घेताना पंचांची नजर दुसऱ्या कुणावर जाऊन थांबत नसे. त्याच्या कुस्त्या लवकर संपत. हलगीवाला रंगात येण्याआधी समोरच्याची पाठ मातीला लागलेली असे. लोक लांबून येत, उन्हात तासन्‌तास बसत आणि शेवटची कुस्ती डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उरकली म्हणून हिरमुसून उठत. सतत जिंकणाऱ्या माणसाबद्दल गर्दीच्या मनात एक तक्रार साठत जाते. ती आधी कौतुकासारखी दिसते.

इमाम वस्ताद हे त्याचे गुरू. सिरसाळ्याच्या बाजारामागं पत्र्याच्या छपराखाली त्यांची तालीम आहे. दार ठेंगणं, आत अंधार, हौदात ताक, हळद आणि तेल घालून मळलेली तांबडी माती. पहाटे तिचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. तरुणपणी या भागातलं सगळ्यात मोठं नाव त्यांचंच होतं. एका जत्रेत, एका दुपारी, लागोपाठ तीन पैलवान त्यांनी चीत केले, ही गोष्ट इथं प्रत्येक घरात सांगितली जाते. सांगणाऱ्यांपैकी फार थोडे त्या दुपारी हजर होते.

हा वाद सलीमभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात चाले. दुकानापुढं लिंब आहे. त्याचा मोहोर गळून खालच्या ऑइलच्या डागांवर चिकटलेला असायचा. सलीमभाई पन्नाशीचे, एकेकाळी तालमीत घाम गाळलेले आणि विष्णूच्या बाजूचे. समोर बाबूअण्णा. पन्नास एकरांचे धनी, माजी सरपंच, जत्रेच्या कुस्ती पंचांचे प्रमुख. ते इमाम वस्तादांच्या बाजूचे. मी वर्तमानपत्रातल्या जिल्ह्याच्या पानासाठी जत्रांच्या बातम्या करत असल्यानं त्या लाकडी बाकावर माझंही बसणं होई.

"विष्णूसमोर हाय कोण? नाव सांगा मला," बाबूअण्णा म्हणत. "बेसनाच्या लाडवासारखी पोरं. हात लावला की फुटत्यात."

"मंग मुठीची ताकद बघा की अण्णा. लाडवाला कावून बोल लावता?"

"वस्तादांच्या टायमाला हैदराबादेहून पैलवान यायचे. एकेकाची मान म्हंजे ह्या लिंबाचा बुंधा."

"तुमी बघितलंय?"

"वडलांनी बघितलंय."

"मंग वडलांना बोलू द्या. तुमी तवा पाळण्यात होते. चहा प्या, गार होऊ लागला."

बाकावरचे सगळे हसत. बाबूअण्णाही हसत, पण कप खाली ठेवून पुन्हा तिथंच येत. "ते ऱ्हाऊ द्या. एका दुपारी तीन. तुमच्या विष्णूला जमंल का? जमलं तर मी सोताच्या हातानं त्याला फेटा बांधतो आन् पुन्हा ह्या बाकावर तोंड उघडत न्हाई."

"तोंड न उघडता जगाल का तुमी अण्णा? डॉक्टर लागंल."

अशा वादाला निकाल नसतो हे बाकावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. दोन काळांतले दोन पैलवान एका हौदात उतरवता येत नाहीत. जत्रेतल्या कुस्तीची नोंदही कुठं राहत नाही. ती पाहणाऱ्यांत राहते आणि पाहणारे म्हातारे होतील तशी वाढत जाते. इमाम वस्तादांची ती दुपार दरवर्षी थोडी लांबत होती, समोरचे तिघं थोडे उंच होत होते. विष्णूच्या कुस्त्या मात्र मोबाइलमध्ये होत्या. जेवढ्या होत्या तेवढ्याच राहिल्या, शेंगदाण्याचं टरफल सोलावं तितक्या वेळाच्या. एका बाजूला आठवण आणि दुसऱ्या बाजूला चित्रफीत असली की आठवण जिंकते.

वस्ताद स्वतः कधीमधी दुकानावरून जात. सायकल हातात धरून, चालत. बाबूअण्णा मुद्दाम हाक मारत. "वस्ताद, तुमीच सांगा. मोठा कोण?"

"विष्णू," वस्ताद थांबून म्हणत. "मी काय, जत्रंतला पैलवान. त्यो लई पुढचा हाय."

"बघा," ते गेल्यावर बाबूअण्णा बाकाकडं वळत. "मोठ्या माणसाची वाणी. आजकालची पोरं असं बोलतील का?"

वस्तादांनी आपलं नाव जितक्या वेळा खाली ओढलं तितकं ते वर गेलं.

त्या मोसमातली खरी गोष्ट दुकानातल्या कुणालाच माहीत नव्हती. मला ती नंतर कळली. इथं ती आधीच सांगितलेली बरी. त्या हिवाळ्यात तालमीत पुलाचा सराव करताना विष्णूची मान दुखावली होती. पूल म्हणजे डोकं मातीत टेकवून सगळं अंग मानेवर तोलून धरायचं. तो रोजचाच व्यायाम. त्या दिवशी काहीतरी सरकलं. उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या, मग बोटं गार पडू लागली. अंबाजोगाईच्या एका डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. मणक्यात नस दाबली गेली आहे. यंदा माती नाही. एखादा वाईट हिसका बसला तर हात जाईल, कदाचित हाताहूनही जास्त. विष्णू, वस्ताद आणि डॉक्टर, एवढ्यांनाच हे ठाऊक होतं. विष्णूनं घरीही सांगितलं नाही.

सांगायचं नाही ही तालमीची रीत आहे. चेल्याची दुखरी जागा हौदाबाहेर जाऊ द्यायची नाही. बाहेर गेली की पुढच्या फडात समोरच्याचा हात नेमका तिथंच पडतो. वस्तादांनी ती रीत हयातभर पाळली आणि पोरांकडून पाळून घेतली. विष्णूला टायफॉइड झालाय असं सांगून मोसम काढायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

त्याआधीच फडाच्या आमंत्रणाचा नारळ विष्णूच्या घरी गेला. बाबूअण्णा पंचांना घेऊन जीपनं वस्तीवर पोचले. विष्णू मळ्यात पाण्यावर गेलेला. वडील ओसरीत होते. आपल्या लेकाला तीन कुस्त्यांचं आमंत्रण आहे, इमाम वस्तादांच्या बरोबरीचा मान आहे, हे ऐकून ते उभेच राहिले. आईनं नारळाला कुंकू लावलं आणि तो देवापुढं ठेवला. या भागात देवापुढं गेलेला फडाचा नारळ परत करत नाहीत. ज्यानं केला त्याला पुन्हा कुठल्या जत्रेचं बोलावणं येत नाही, आणि त्याच्या तालमीलाही येत नाही. विष्णू चिखलाच्या पायांनी घरी आला तेव्हा आई गूळ वाटत होती.

वस्ताद दुसऱ्याच दिवशी वस्तीवर गेले. गोठ्यामागं दोघांचं बोलणं झालं. "मी समद्यांला सांगून टाकतो," वस्ताद म्हणाले. "मान दाखवतो त्यांला. डॉक्टरची चिठ्ठी दाखवतो."

"आन् तरी कुस्ती लागली तर?" विष्णू म्हणाला. "तिघंबी मानंवरच पडतील. न्हाई लागली तर म्हणतील, वस्तादाचं नाव वाचवायला चेला पळाला. वस्ताद, नका सांगू. हात जोडतो."

हात जोडताना उजवा पंजा डाव्याला पुरता चिकटला नव्हता, हे वस्तादांनी पाहिलं.

मग त्यांनी एकच उपाय उरला असं ठरवलं. मान लपवायची आणि ज्या दुपारशी विष्णूला झुंजवायचं चाललं होतं, ती दुपारच मोडून टाकायची.

शुक्रवारची नमाज आटोपून ते दुकानावर आले. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, सायकल नव्हती. कुणी न बोलावता बाकावर बसले. सलीमभाईंनी हातातला वेल्डिंगचा पडदा खाली ठेवला.

"चाचा, चहा?"

"न्हाई. अण्णा हायत, बरं झालं. मला येक सांगायचंय." ते बाबूअण्णांकडं पाहत होते. "ती तिसरी कुस्ती मी जिंकलो न्हाई."

रस्त्यानं कडब्याची गाडी चालली होती.

"पहिले दोघं खरे. तिसरा गडी सकाळधरनं उन्हात बसलेला. उलट्या झालत्या त्याला. हौदात आला तवा झुलत होता. मी हात धरला आन् त्यो खाली बसला, मंग आडवा झाला. पंचांनी माझा हात वर केला. ना डाव, ना पेच. त्याला पाणी पाजायला मीच धावलो. तवा लोक म्हणाले, काय दिलदार गडी हाय. तीन जोडीचं काय धरून बसता? असलं काय झालंच न्हाई. पोराला येक कुस्ती द्या. हलकी द्या. बास."

बाबूअण्णांनी टोपी काढली. त्यांचे डोळे भरून आले होते. पुढं जे झालं ते बाकावर बसलेल्या आम्ही सगळ्यांनी पाहिलं. ते उठले आणि वस्तादांच्या पायाला हात लावला.

"वस्ताद, चेल्यासाठी सोताचं नाव मातीत घालता? एवढं कुणी करत न्हाई."

"खरं बोलतोय मी."

"हो हो. आमी समजतो."

"खुदा की कसम, अण्णा."

"चाचा," सलीमभाई म्हणाले, त्यांचाही आवाज बदलला होता, "ह्याला म्हणत्यात वस्ताद. आता तर विष्णूला तीन जोडी लढावीच लागंल. तुमच्या ह्या शब्दाखातर."

वस्ताद उठून बाजाराच्या अंगानं चालत गेले. संध्याकाळपर्यंत ही हकीगत चार गावांत पोचली होती. तिसरी कुस्ती नाकारणारा वस्ताद हा आता तीन कुस्त्या जिंकणाऱ्या वस्तादापेक्षाही मोठा झाला होता.

जत्रेच्या दिवशी वारा नव्हता. गावाबाहेरच्या रानात हौद खणला होता आणि सकाळपासून त्यावर पाणी मारत होते. ओल्या मातीची वाफ गुडघ्याएवढी वर येई आणि तिथंच थांबे. ज्वारी काढलेल्या रानात माणसं धसकटांवर पोती टाकून बसली होती. ऊसतोडीची माणसं होती, बागवान टरबुजाच्या फोडी घेऊन फिरत होते, झाडांवर पोरं होती. हलगीवाले जाळाभोवती उकिडवे बसून कातडं शेकत होते. लाऊडस्पीकरवरचा माणूस पुन्हापुन्हा दोन नावं घेत होता, विष्णूचं आणि वस्तादांचं, जणू लढत त्या दोघांत होती.

विष्णूनं हौदात उतरून माती डाव्या हातानं कपाळाला लावली. पैलवान ती उजव्या हातानं लावतो. हजारो डोळे त्याच्यावर होते आणि हे फार थोड्यांना खटकलं असेल.

पहिली कुस्ती नेहमीसारखीच झाली. समोरचा खाली गेला, लोक ओरडले. दुसरीत उशीर लागला. परळीकडचा तो पोरगा वाईट नव्हता. पैलवान घेतो तशी त्यानंही मानेवर पंजा टाकून पकड घेतली आणि पुन्हापुन्हा खाली ओढत राहिला. प्रत्येक ओढीला हलगीचा ठोका पडत होता. वस्ताद हौदाच्या काठाशी मातीत बसले होते. ओढ बसली की त्यांची स्वतःची मान आत जाई. शेवटी विष्णूनं डाव्या बगलेत त्याचं डोकं धरून त्याला फिरवलं आणि पाठ लावली. लोक उभे राहिले. सतत सहज जिंकणारा माणूस त्यांना पहिल्यांदा कष्टानं जिंकताना दिसला होता आणि तो त्यांना आवडला होता.

तिसरी लांबली. आता विष्णूचा उजवा हात खांद्यापासून लोंबत होता. लाऊडस्पीकरवरून सांगितलं गेलं, "पैलवान येका हातानं खेळून दाखवतोय!" टाळ्या पडल्या. समोरचा गडी दमदार होता, पण हे ऐकून तो बावरला. आपली चेष्टा चालली आहे असं त्याला वाटलं आणि तो चिडून अंगावर आला. विष्णू मागं सरला, वाकला, खांद्यानं त्याच्या पोटाला भिडला आणि दोघं कोसळले. वर विष्णू होता. त्यानं काहीच केलं नाही, नुसतं अंगाचं ओझं टाकून पडून राहिला. पंच पालथे पडून पाहत होते. त्यांनी शिट्टी फुंकली.

विष्णू जिंकला होता. मान शाबूत होती. तो स्वतः उठून बसला, वस्तादांकडं पाहिलं आणि हसला. तो क्षण मला स्पष्ट आठवतो, कारण त्यानंतर काही स्पष्ट राहिलं नाही.

जिंकलेल्या पैलवानाला खांद्यावर घेऊन हौदाभोवती मिरवायची इथली पद्धत आहे. चारी बाजूंनी माणसं हौदात उतरली. त्यांच्या पुढं वस्ताद पोचले होते. सत्तरीचा माणूस दोन्ही हात पसरून विष्णूसमोर उभा राहिला. "उचलू नका! हात लावू नका त्याला! मान हाय त्याची, मान!" हलग्या एका तालात वाजत होत्या. जवळच्यांनी ऐकलं असेल तर एवढंच ऐकलं की वस्ताद अभिमानानं काहीतरी ओरडताहेत. त्यांनी वस्तादांनाही उचललं.

दोघंही खांद्यांवर चढले. वस्ताद वरून ओरडत होते, "खाली ठेवा, खाली ठेवा," आणि खालून लोक त्यांच्याच नावाचा जयघोष करत होते. विष्णूला उचलणाऱ्यांत एक उंच होता, एक बुटका. तो एका बाजूला कलला. जिंकलेला हात वर दिसायला हवा, म्हणून कुणीतरी त्याचा उजवा हात मनगटाला धरून हिसक्यानं वर ओढला आणि धरून ठेवला. हौदाला पूर्ण फेरी झाली. फेरी संपल्यावर त्याला खाली उतरवलं, तेव्हा त्याचे पाय त्याला धरेनात.

जिल्ह्याच्या पानावर दुसऱ्या दिवशी फोटो छापला गेला. गुरू आणि चेला गर्दीच्या खांद्यांवर, गुलाल, उन्हात चमकणारी अंगं. वस्तादांचं तोंड उघडं आहे. खाली ओळ होती, 'चेल्याच्या विक्रमानं हर्षभरित वस्ताद'. पान रात्री लागलं तेव्हा विष्णू अंबाजोगाईच्या रस्त्यावर एका टेम्पोत होता, आणि त्याचं डोकं वस्तादांनी दोन्ही हातांत हलू न देता धरलं होतं.

पुढं मोठ्या शहरात शस्त्रक्रिया झाली. बाबूअण्णा शब्दाला जागले. फेटा घेऊन ते दवाखान्यात गेले, पण पट्ट्यांत बांधलेलं डोकं हलवायची परवानगी नव्हती. बराच वेळ उभे राहून त्यांनी तो बांधलेला फेटा खाटेच्या पायथ्याशी ठेवला आणि निघून आले.

आता पुन्हा चैत्र आहे. दुकानातला वाद मिटला. विष्णू मोठा, यावर आता सगळ्यांचं एकमत आहे. वस्तादांच्या बाजूनं बोलायला कुणी उरलेलं नाही. बाबूअण्णा बाकावर येतात, बोलत नाहीत. परवा एक नवखा माणूस ट्रॉली दुरुस्तीला आला होता. "यंदा कोण हाय बे जोरात?" त्यानं सहज विचारलं. सलीमभाईंनी ग्राइंडर सुरू केला आणि लोखंडाला लावला. त्या आवाजात कुणालाच काही बोलता आलं नाही, आणि ठिणग्या संपेपर्यंत त्यांनी तो बंदही केला नाही.

तालमीला कुलूप आहे. वस्ताद वस्तीवर राहतात, विष्णूच्या घरी, गोठ्याशेजारच्या खोलीत. गेल्या रविवारी दुपारी गेलो तेव्हा अंगणात बाजेवर विष्णू टेकून बसला होता. तो आता भिंतीला धरून चालतो. अंग अर्ध्यावर आलंय. कोंबड्या बाजेखाली सावलीला होत्या. आईनं पाणी आणून दिलं आणि माझ्याकडं न पाहता आत गेली.

"दुकानात काय म्हणत्यात?" विष्णूनं विचारलं.

"तुलाच मोठा म्हणतात."

"वस्तादांपेक्षा?"

"हो."

तो वस्तादांकडं वळला, अंगासकट, कारण नुसती मान वळत नाही. काहीतरी थट्टेचं बोलणार होता. वस्ताद बाजेशेजारी बसून ओल्या फडक्यातून मातीचा गोळा काढत होते. त्यांनी तो विष्णूच्या उजव्या तळव्यावर ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून त्याभोवती आणली.

"बोलू नको," ते म्हणाले. "मूठ मीट."

विष्णूच्या कपाळावरची शीर वर आली. हाताकडं पाहिलं तर काहीच होत नव्हतं. दिवस मावळून कडुसं पडेपर्यंत हेच चालतं, असं आतून आई म्हणाली. बऱ्याच वेळानं वस्तादांनी बोटं सोडवली आणि गोळा उन्हात धरून फिरवून पाहिला. मधल्या दोन बोटांचे ठसे पुसट उमटले होते. बाकी माती गुळगुळीत होती.

त्यांनी ते ठसे अंगठ्यानं पुसले, गोळा पुन्हा वळला आणि पुन्हा त्याच्या तळव्यावर ठेवला.